मागची पिशवी

बंदूक कुणीही विकत घेतं,
मागची पिशवी मात्र ज्याची त्याने भरायची,
असं नोलीन हॉस्किंग म्हणते, आणि चहाचा कप
बेंचावर नाही, खाली गवतात ठेवते.
बेंच हलतो म्हणे.
सिमेंटचा बेंच.

पाटेआच्या अलीकडे, गाईंच्या कुरणाला लागून
आमची रेंज: सहा बेंच, पत्र्याची शेड,
आणि वारा, जो वर्गणी न भरता रोज हजर.

माझी पिशवी नवी, चामड्याची, रिकामी.
वर दोन कान, सशाचे असतात तसे, पण मान टाकलेले.
त्या कानांच्या बेचक्यात दस्ता टेकवायचा
आणि शंभर यार्डांवर
एकाच भोकातून पाच गोळ्या काढायच्या.
इतकंच.

आधी तांदूळ भरला, दुकानातला सगळ्यात स्वस्त.
जूनच्या ओलीत शेडमधल्या उंदरांनी कोपरा कुरतडला,
दस्ता एका अंगाला कलला,
आणि मी दोन आठवडे दुर्बिणीला शिव्या घालत होतो.

मग प्लास्टिकचे मणी.
दाबले की सरकतात, सोडले की सरकतात,
दर बाराला त्यांचं मत बदलतं.

ट्रेवर पास्को म्हणाला, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घे.
हलका असतो.
त्याची पाठ धरते, त्याला हलकं ते सगळं चांगलं.
लेस्लीने मांजराची माती दिली, अर्धं पोतं, फुकट.
तिसऱ्या रविवारी तिचं पीठ झालं,
शिवणीतून असा लोट उठला
की गोळी पिशवीतूनच सुटली असं वाटावं.

नोलीन बघत होती. कप गवतात.
शेवटी एकच शब्द बोलली: काळी.

काळी म्हणजे इथल्या किनाऱ्याची वाळू, लोखंडाच्या अंशाची,
चुंबक धरला तर दाढी फुटते त्याला.
बादली उचलताना हाताला कळतं
की ही वाळू बसायलाच जन्मली आहे.
किनाऱ्यावर हेनारे तूपारा भेटला, जाळं आवरत होता.
मी विचारलं, नेऊ का?
तो म्हणाला, ने की.
आणि मग, माझ्याकडे न बघता:
किती दिवसांसाठी?
मला उत्तर सुचलं नाही.

सात पाण्यांनी धुतली.
दर पाणी जिभेवर घेऊन पाहिलं, सातव्याला मीठ गेलं.
ओव्हनमध्ये वाळवली. शोनाच्या बिस्किटांत
अजून कचकच लागते, ती अजून बोलते.
आधी कान भरले, चमच्याने, लाटण्याच्या टोकाने ठासत,
मग पोट.
थोपटली, ठासली, पुन्हा थोपटली.

रविवारी डोळा लावला.
दुर्बिणीतली फुली आजवर माझ्या छातीबरोबर उडायची,
ठोका तशी उडी.
आज ती जागची हलेना.
मी एकदम घाबरून छातीवर हात ठेवला.
चालू होतं.
चार गोळ्या एका भोकात. पाचवी बाहेर.
पाचवीचा दोष आता कुणाला देणार?

ऑक्टोबरात नोलीनचा फोन आला.
डोळ्याचं डॉक्टरांनी काय ते सांगितलं होतं.
गाडी काढतोस का, किनाऱ्यापर्यंत?

तिने पिशवीची दोरी दातांनी सोडली.
एकतीस वर्षांची काळी वाळू
शांतपणे खाली उतरली, ओल्या वाळूत मिसळली,
कुठली कुठली ते लगेच सांगता येईना.
आणि अगदी शेवटी,
कोपऱ्यातून, बोट घालून काढावे लागले
ते मूठभर जव.
पहिल्या वर्षीची चूक, ती म्हणाली.
काढू काढू म्हटलं, राहून गेलं.
त्या जवांवर टेकून तिने तीनदा बेटाचं बक्षीस नेलं होतं.

सीगल आले, चोचीने उलटसुलट केलं, परत गेले.
एवढ्या जुन्या दाण्याला कोण तोंड लावणार.

नोलीनने पिशवी घडी करून कोटाच्या खिशात कोंबली.
कान बाहेर राहिले.